आमचे चेहरे कोण काढणार?

आम्हा मुसलमानांच्या घरात चित्र जरा बिचकतच येतं. भिंतीवर काबा-मदिन्याची तसवीर चालते, पोरानं माणसाचा चेहरा काढला की वडीलधारी विचारतात, "कयामतीला यात रूह फुंकायला सांगितलं तर फुंकशील का?"

आम्ही काढत नाही. म्हणून आमची चित्रं निघायची थांबत नाहीत. दाढी, गोल टोपी, बुरखा, मागं पोरांची रांग. ही चित्रं काढणारे आमच्या उंबऱ्यावर कधी बसलेले नसतात.

म्हणूनच ओरिजित सेन यांची वाटचाल आम्हाला जवळची वाटते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेला हा चित्रकार नर्मदेच्या खोऱ्यात हिंडला. त्यातून 1994 साली 'रिव्हर ऑफ स्टोरीज' हे काळंपांढरं चित्रपुस्तक निघालं. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून अनेकजण त्याकडं बोट दाखवतात. त्यात दिल्लीचा तरुण पत्रकार विष्णू धरणाची बातमी शोधत जातो; दुसरीकडं मलगू गायण सृष्टीच्या जन्माची कथा गातो. आदिवासींना तिथं दयेचे विषय केलेलं नाही. ते स्वतः बोलतात, गातात, भांडतात. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातल्याही 33 गावांना झळ पोचली, तेव्हा ही गोष्ट आपल्या नंदुरबारचीही आहे. बरीच वर्षं न मिळणारं हे पुस्तक 2022 साली पुन्हा छापलं गेलं.

पुढं गोवा विद्यापीठात मारिओ मिरांडा यांच्या नावाच्या अध्यासनावर सेन शिकवू लागले. त्यांनी विद्यार्थ्यांना म्हापशाच्या बाजारात नेलं. मिरची, मासळी, मातीची भांडी विकणाऱ्यांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं टिपायचं, मग त्या बाजाराचा नकाशा चितारायचा. खोऱ्यात स्वतः केलं, तेच वर्गात शिकवलं. काढण्याआधी ऐकायचं.

आमच्या कितीतरी शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे डोंगर, सूर्य आणि झोपडी. त्याच पोरींच्या घरी अम्मी जरीकाम करते, अब्बा भंगाराची गाडी ओढतात. चेहरा नको असेल तर नका काढू. सुई धरलेले हात काढा, गाडीची चाकं काढा, दारातल्या चपला काढा. मौलवीसाहेबांचाही त्याला विरोध नसावा. पण आधी अम्मीजवळ बसून विचारा, की दिवसाला किती टाके पडतात आणि हातात किती पैसे येतात.