वहिनींच्या मशीनचा करंट

परवा रविवारी बऱ्याच दिवसांनी अंबाडीला दादाकडे गेलो. निमित्त वहिनींच्या शिलाई मशीनचं. भिवंडी-वाडा रस्ता पावसाळ्यात कसा असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. नाक्यावर वज्रेश्वरीच्या फाट्याशी एक वडापाव खाल्ला आणि घरी पोचलो.

वहिनी घरीच शिलाईचं जॉबवर्क करतात. सध्या शाळेच्या गणवेशांचा लॉट होता, गुरुवारी द्यायचा. मशीन कारखान्यात असते तसली, जाड टेबलावर बसवलेली (कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे तिला जुकीच म्हणतात). पूर्वी तिला क्लच मोटार होती. ती बटण चालू केल्यापासून अखंड फिरत राहते, तुम्ही शिवा नाहीतर बसून राहा. घरभर घरघर, आणि वीज जाते ती वेगळीच. दोन वर्षांपूर्वी मीच ती काढून सर्वो मोटार बसवली. पाय दाबला तरच फिरते. त्या दिवशी माझं भलतंच कौतुक झालं होतं!

आता तक्रार अशी की मशीन मध्येच थांबते आणि डब्यावर एरर येतो. शेजारच्या एकाने "कंट्रोल बॉक्स गेला, नवीन घ्या" असं सांगून टाकलेलं. नवीन बॉक्स म्हणजे या लॉटची सगळी मजुरी.

मी विचारलं, "कधी थांबते?"

"सकाळी नीट चालते भावोजी. तासाभराने नखरे सुरू. थोडा वेळ बंद ठेवली की परत चालते."

गरम झाल्यावर बिघडतं आणि गार झाल्यावर सुधारतं, याचा अर्थ पुष्कळदा कुठेतरी जोड सैल आहे असा असतो. मल्टिमीटर लावला. मशीन नुसती चालू असताना २२८ व्होल्ट. वहिनींना जाड शिवण मारायला सांगितली, तर आकडा १९० च्या खाली. दादाच्या मुख्य बोर्डावर मात्र तेव्हाही २२५! म्हणजे मधेच कुठेतरी खाल्लं जात होतं. एक्स्टेन्शन बोर्डाचं सॉकेट उघडलं तर आतली पट्टी काळी पडून ढिली झालेली, वायरचं प्लास्टिक तपकिरी. बॉक्स बिचारा बरोबरच सांगत होता, मला दाब कमी मिळतोय म्हणून.

चला, स्वस्तात सुटलो म्हणून मी खूश. इतक्यात माझं मनगट मशीनच्या लोखंडाला लागलं आणि चर्रकन झिणझिण्या आल्या.

"वहिनी, याला करंट येतोय!"

"येतो की. केव्हाचा येतोय. तुम्हाला सांगितलं होतं ना गेल्या गणपतीत."

सांगितलं होतं. आणि मी काय म्हणालो होतो तेही आठवलं. "चप्पल घालून बसत जा, काही नाही होत." हाताच्या चाकावर गुंडाळलेली चिंधी मी तेलासाठी समजत होतो. पायाखालचं गोणपाट फरशी गार लागते म्हणून असेल असं वाटलं होतं. परवा पाऊस होता, फरशी ओली, आणि पुतणी अनवाणी तिथेच खेळत होती.

टॉप उघडला. माझाच हात, ओळखता येतो. बोर्डात अर्थच नव्हता म्हणून मी हिरवी वायर कापून, टेप लावून दुमडून ठेवली होती. 'नंतर बघू.' सर्वोच्या बॉक्समध्ये विजेतला कचरा गाळायला फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर थोडा करंट लोखंडी अंगावर सोडतात. अर्थ असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. नसेल तर अंगावर साधारण निम्मा दाब उभा राहतो. मीटरने ११० दाखवलेच. तेवढ्याने सहसा माणूस मरत नाही, हे खरं. पण आत एखादी वायर घासून लोखंडाला टेकली असती तर तोच आकडा २३० झाला असता, आणि झिणझिण्यांवर भागलं नसतं.

शेजारी पुन्हा आले. "न्यूट्रललाच जोडून टाका की." नको. न्यूट्रल कुठे तुटली तर पूर्ण फेज मशीनच्या अंगावर. त्यांना हे पटलं नाही, असो.

मी रजा टाकून सोमवारी थांबलो. लायसन्सवाल्या वायरमनला बोलावून मागच्या अंगणात खड्डा, जीआय पाइप, कोळसा, मीठ असं अर्थिंग केलं. (उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायचं, हे दादाला बजावलं आहे.) मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवली. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनो, ती जास्त लोडवर आणि शॉर्टवर पडते, माणसाला शॉक लागला म्हणून पडत नाही. एक्स्टेन्शन फेकून मशीनला स्वतंत्र सॉकेट दिलं. मग मीटर लावला, अंगावर शून्याच्या आसपास.

वहिनींना म्हटलं, "चुकलं माझं."

त्या गणवेशांच्या कॉलरी मोजत होत्या. "पोरीला लागला असता तर मी बोलले असते," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

लॉट बुधवारी रात्रीच झाला, असा दादाचा फोन आला. चिंधी अजून चाकावरच आहे म्हणे.