बिनमुळांचं हिरवं

परभणीच्या मे महिन्यात हिरवं काही जगवायचं म्हणजे निव्वळ हट्ट. पारा 44 अंशांच्या पुढे, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, आणि घरात कोपऱ्यातल्या माशांच्या काचेच्या टाकीत दगडावर वाढतंय ते जावा मॉस. शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी. जात आग्नेय आशियातली, सावलीला आणि ओलीला सोकावलेली. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावाला पाहुण्याचं अप्रूप नसावं, पण हा पाहुणा नाजूक निघाला.

त्याला मुळं नाहीत. मूठभर मॉस दगडावर पातळ पसरायचं आणि काळ्या दोऱ्याचे सैल वेढे घ्यायचे. थर जाड झाला तर खालचं अंधारात सडतं. काही आठवड्यांत बारीक तंतूंनी ते दगडाला चिकटतं, पण फक्त चिकटण्यापुरतंच. पाणी आणि क्षार घ्यायचे ते पानांतून. पान तरी कसलं, बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचा पडदा. जे पाण्यात, ते थेट त्याच्या अंगात.

म्हणून सगळी काळजी पाण्याचीच. आमच्या बोअरचं पाणी जड, पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरणारं. उन्हाळ्यात टाकीची पातळी रोज उतरते. उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. त्यात पुन्हा बोअरचं ओतलं तर क्षारांवर क्षार. त्यामुळे भर घालायची ती आरओच्या पाण्याची, नाहीतर पत्र्यावरून धरून ठेवलेल्या पावसाच्या पाण्याची. मासे पाळणाऱ्याने ड्रमभर पाऊस जपून ठेवावा, हे कुणाला वेड वाटलं तर वाटो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाणी 20 ते 28 अंशांत असलं की मॉस खुशीत असतं. तिशीच्या वर गेलं की रुसतं, पिवळं पडतं. उपाय साधा आहे: पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा. बाष्पीभवन वाढतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठाचं शास्त्र तेच. हाच पंखा मुंबईच्या दमट हवेत निम्मंही काम करणार नाही. मराठवाड्याची कोरडी हवा, जिच्या नावाने आपण वर्षभर बोटं मोडतो, ती इथे कामाला येते. अर्थात पंख्याने पाणी आणखी उडतं, आणि ड्रम आणखी रिता होतो.

उजेड मात्र कमीच बरा. जास्त दिला की केसासारखं शेवाळ मॉसच्या फांद्यांत शिरतं आणि मग ते वेगळं काढणं अशक्य. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर जोडून, भगभगीत दिव्यांखाली चार आठवड्यांत जंगल उभं करणारे लोक आहेत. मला ती घाई आवडत नाही. मॉसमध्ये कोळंबीची पिलं दडतात, पानांवरचा सूक्ष्म जीवांचा थर चरतात. ते बघायचं तर टाकीला तिच्या चालीने चालू द्यावं. लाइट गेली, फिल्टर बंद पडला, तरी मॉसला फरक पडत नाही. पण त्याच्या भरवशावर माशांना सोडू नये. अंधारात तेही प्राणवायू घेतंच.

त्याची गावठी भावंडं पाहायची तर पावसाळ्यात जुन्या बारवांकडे जावं. सेलू तालुक्यातल्या वालूरला गोल फिरत खाली उतरणारी बारव आहे. अशा दगडी बांधकामांच्या सांध्यांत उन्हाळाभर तपकिरी खपल्या होऊन पडलेलं मॉस पहिल्या सरीने बघता बघता हिरवं होतं. त्यांच्या वंशवाढीलाही पाणी लागतं: नरपेशी ओलीच्या पातळ थरातून पोहत जाते, तेव्हाच पुढची पिढी. टाकीतल्या जावाला मात्र हा खटाटोप सहसा नसतो. तुटलेला तुकडा कुठेतरी अडकतो आणि वाढू लागतो.

त्यामुळे कात्री लावली की मूठभर मॉस उरतंच. शेजारचा मुलगा परवा डबा घेऊन हजर.

“काका, टाकी आणली. मॉस द्या की.”

“पंखा आहे का?”

“घरात हाय की, छताला.”

“मग मृग लागल्यावर ये,” मी म्हटलं, “आणि यायच्या आधी एक ड्रम धुऊन ठेव.”