बिनकामाचं चालणं

आमच्या मालवणात माणूस रस्त्यानं चालताना दिसला की पहिला प्रश्न येतो, "खंय चललास?" बाजार, दवाखाना, कचेरी, मयत, काहीतरी कारण लागतंच. नुसतं फिरायला निघालोय, हे उत्तर इथं खपत नाही. बाईमाणसाचं तर नाहीच.

अब्बांना मात्र ही खोड होती. ती त्यांनी ग्लासगोहून आणली. ते खलाशी होते. १९६८ साली त्यांची बोट तिथल्या गोदीत दुरुस्तीसाठी अडकली, तेव्हा एका रविवारी आगगाडीनं बॅलॉखला जाऊन त्यांनी लॉख लोमंड पाहिलं. लॉख म्हणजे तिकडच्या बोलीत सरोवर. हिमनद्यांनी कोरलेलं, छत्तीस किलोमीटर लांब, काठावर ९७४ मीटर उंचीचा बेन लोमंड डोंगर. पण अब्बांना अप्रूप वाटलं ते माणसांचं. "म्हातारे, बायका, पोरं, सगळी चालत होती गं! कुणाच्या हातात पिशवी नाही की डोक्यावर भारा नाही."

रजेवर आले की ते मला धामापूरला नेत. चौक्यापर्यंत एसटी, पुढं पायी. दोन डोंगरांमध्ये बांध घालून विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली हा तलाव बांधला. "तिथले डोंगर बोडके, आपले बघ," अब्बा म्हणत. झाडी इतकी दाट की पाणी हिरवंकाळं दिसे. काठावर भगवती देवीचं देऊळ. जरा पुढं अब्बा वजू करून असरची नमाज पढत, मी चपला सांभाळत बसे. येणारा-जाणारा विचारी, "बोटीवरना कधी इलास?" आणि पुढं जाई.

चौदाव्या वर्षी अम्मीनं मला थांबवलं. मोठी झालीस, लोक काय म्हणतील. अब्बा काही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मीही हट्ट धरला नाही. पुढं शाळेत शिक्षिका झाले, संसार झाला. २००४ साली अब्बा म्हणाले, "एकदा तळ्यावर जाऊया." मी म्हटलं, पेपर तपासून होऊ देत. पेपर तपासून झाले, आणि पुढच्याच आठवड्यात अब्बांचा इंतकाल झाला.

मालवणच्या नळाला त्याच तलावाचं पाणी येतं. वीस वर्षं मी रोज त्या पाण्यानं वजू केला, तिकडं पाऊल मात्र टाकलं नाही. २०२० मध्ये धामापूरला जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला, तोही पेपरात वाचला आणि घडी घालून ठेवला.

भाचा आता ग्लासगोत असतो. त्यानं लॉख लोमंडचा फोटो पाठवला आणि सांगितलं, इथं २००३ च्या कायद्यानं कुणालाही, नासधूस न करता, दुसऱ्याच्या डोंगरावरूनसुद्धा चालायचा हक्क आहे. मला हसू आलं. आम्हांला कुठल्या कायद्यानं अडवलं होतं? एक प्रश्न पुरला.

गेल्या जानेवारीत गेले. एकटीच. गुडघ्यांमुळं चौक्यापासून रिक्षा केली, पण बांधाच्या अलीकडंच उतरले. समोरून गवताचा भारा घेऊन एक बाई आली.

"खंय चललंस गो बाय?"

"तळ्यार."

"काय काम?"

"काय नाय. अशीच चलतंय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग भारा उतरवला आणि दगडावर टेकत म्हणाली, "मगे मी पण बसतंय जरा."