सरकलेला 'न'

क्रिकेटमधला अंपायर मूळचा 'नूंपेर'. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ जोडीत न बसणारा, विषम. दोघांचा तंटा मिटेना, की निवाड्यासाठी बोलावायचा तो तिसरा माणूस. आपला 'तिऱ्हाईत'ही असाच तिनावरून घडलेला. क्रिकेटच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात, इंग्लंडात लवादाच्या कामासाठी हा शब्द रुळला होता आणि तेव्हाच त्याचा 'न' गळायलाही लागला होता.

हा 'न' गेला कुठे? तो शेजारच्या शब्दाला जाऊन चिकटला. इंग्रजीत नामाआधी 'अ' किंवा 'ॲन' येते. बोलताना 'अ नूंपेर' आणि 'ॲन ऊंपेर' कानाला एकच लागतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या समाजात शब्दाची हद्द कानच ठरवतो, आणि कानाने ती एक अक्षर पुढे सरकवली. डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनी 1914 मध्ये या प्रकाराला 'मेटॅनॅलिसिस' असे नाव दिले. इंग्रजीच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती अशा शब्दांची, कारण राजाने किंवा पंडिताने नव्हे, तर बाजारात, शेतात, सुताराच्या पडवीत बोलणाऱ्यांनी ते घडवले आहेत.

सुताराचेच उदाहरण घ्या. लाकडाला मोठे भोक पाडण्याच्या हत्याराला इंग्रजीत 'ऑगर' म्हणतात. प्राचीन इंग्रजीत ते 'नफूगार' होते. 'नफू' म्हणजे चाकाचा मधला लाकडी गाभा, ज्यातून आस जातो, आणि 'गार' म्हणजे भाला. चाकाच्या गाभ्याला भोक पाडणारा भाला! 'गार्लिक' या लसणाच्या नावातही हाच भाला आहे, पाकळीच्या टोकदार आकारामुळे. आणि हा 'नफू' आपल्या ओळखीचा आहे: संस्कृतातला 'नाभि' त्याचा सख्खा नातलग. संस्कृतातही नाभि म्हणजे बेंबी आणि चाकाचा मध्य, दोन्ही. 'ऑगर'मधून 'न' गळाला आणि नात्याची ही खूणच पुसली गेली. डच भाषेतही याच हत्याराच्या नावातला 'न' असाच गळाला आहे.

'ॲडर' हा विषारी साप मूळचा 'नॅड्रे'. जर्मन 'नाटर'ने 'न' राखला. 'एप्रन'चेही तेच झाले. मूळ फ्रेंच शब्द टेबलावरच्या कापडाचा, आणि त्याच घरातल्या 'नॅपकिन'चा 'न' मात्र शाबूत राहिला.

उलटी वाटही आहे. पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर असलेला 'न्यूट' हा आधी 'यूट' होता. 'ॲन'मधला 'न' त्याने ओढून घेतला. त्याचे जुने भावंड 'एफ्ट' आजही कोशात सापडते. 'निकनेम' म्हणजे 'ईक-नेम', वरचे जादा नाव. 'माइन' म्हणजे 'माझा', त्याचा 'न' तर लाडाने चिकटला: 'माइन एड'चा नेड झाला, 'माइन एलन'ची नेल झाली. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला विदूषक राजाला 'नंकल' म्हणतो, तो 'माइन अंकल'च. 'नॉन्स' हा शब्द तर 'त्या एका वेळेपुरते' अशा अर्थाच्या जुन्या वाक्प्रयोगातून फुटून निघाला. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी त्यावरूनच एकदाच, प्रसंगापुरत्या वापरल्या गेलेल्या शब्दांना 'नॉन्स-वर्ड' म्हटले. त्या कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला 1928 साल उजाडले.

आता 'ऑरेंज'. या यादीत ते हमखास घातले जाते: इंग्रजांनी 'अ नॉरेंज'चे 'ॲन ऑरेंज' केले म्हणे. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. संस्कृत 'नारंग' फारसी, अरबी असा प्रवास करत युरोपात गेला. स्पॅनिश 'नारान्हा'त 'न' आहे, आपल्या नारिंगातही आहे. तो गळाला इटालियन आणि फ्रेंचमध्ये. तिथेही नामाआधीचा शब्द 'न'ने संपतो. इंग्रजीत शब्द आला तोच 'न' गमावून. म्हणजे घटना खरी, पण घडली समुद्रापलीकडे. हा फरक बारीकसा वाटेल, पण अभ्यास आणि दंतकथा यांच्यातली रेघ इथेच आहे. 'नूंपेर' जुन्या कागदांत लिहिलेला सापडतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा.

शब्दाच्या जन्माची गोष्ट कोणी सांगितली, तर तीन गोष्टी विचारा: सर्वात जुना लेखी दाखला कोणता, तो कोणत्या सालचा, आणि शेजारच्या भाषांत तोच शब्द कसा दिसतो. मराठीपुरती ही चौकशी घरबसल्या होते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत उघडता येतात. एखादा शब्द त्यांत शोधून पाहा.