झाडीपट्टींतला शंकरपट

नागपुराहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता भंडारा शहर मागें टाकून कारध्याजवळ वैनगंगा ओलांडतो, आणि तेथून पुढें प्रदेशाचा सगळा रंगच पालटतो. कपाशीचीं काळीं रानें मागें राहतात. दुतर्फा धानाच्या बांध्या, मधून मधून मोहाची व पळसाची झाडें, आणि दर दोनतीन मैलांवर एखादा तलाव चकाकतांना दिसतो. हे तलाव आपोआप झालेले नाहींत. कोहळी नांवाच्या कसबी शेतकरी जातीनें ते पिढ्यान् पिढ्या खपून बांधले, आणि मालगुजारांच्या नांवावर ते आजहि 'मालगुजारी तलाव' म्हणून ओळखले जातात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या मुलखास तेथील लोक मोठ्या अभिमानानें 'झाडीपट्टी' म्हणतात.

धानाची कापणी उरकून मळणी झाली, कोठ्या भरल्या, म्हणजे येथील माणसाला चारदोन महिन्यांची उसंत मिळते. दिवाळी सरली कीं गांवोगांव मंडई भरूं लागते, आणि थंडी मुरली कीं लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी या तालुक्यांत ज्याच्या त्याच्या तोंडीं एकच शब्द ऐकूं येतो : पट. नंदी हें शंकराचें वाहन, म्हणून बैलांच्या या शर्यतीस शंकरपट म्हणतात, असें सांगण्यांत येतें.

आपल्या सुशिक्षित घरांतून पटाचें नांव निघालें कीं किंचित् नाक मुरडण्याची रीत आहे. धूळ, आरडाओरडा, पैजा, आणि मुक्या जनावराची दैना एवढेंच पटाचें चित्र आपल्यापुढें असतें. तें सर्वस्वी खोटें नाहीं. पण तेवढेंच खरें असेंहि नाहीं. साकोलीच्या पुढें एका खेड्यांत आम्हीं दोन दिवस राहून जो पट पाहिला, त्यावरून तरी आमचें मत असें झालें.

कापणी झालेल्या शेताचे बांध मोडून जमीन सपाट केलेली होती. तींत शेजारीं शेजारीं दोन सरळ धावा आंखलेल्या, आणि शेवटाला निशाणें. पश्चिम महाराष्ट्रांतल्या घाटांवर किंवा वऱ्हाडांतल्या पुष्कळ पटांत एकेकच गाडी सोडून घड्याळाकडे पाहतात. तेथें बैलाचा प्रतिस्पर्धी सेकंदाचा कांटा असतो. येथें तसें नव्हतें. दोन जोड्या एकाच क्षणीं सुटत. जी पुढें गेली ती पुढच्या फेरींत, जी मागें राहिली ती घरीं. छकडा म्हणजे नुसता दोन चाकांचा हलका सांगाडा. त्यावर धुरकरी अर्धवट उभा, अर्धवट लोंबकळत असतो. हीं जनावरें बारा महिने निराळ्या खुराकावर ठेवलेलीं, अंगावर माशी बसूं न दिलेलीं. आणि त्या साऱ्या वर्षाचा निकाल कांहीं सेकंदांत लागून जातो.

फेऱ्यांमागून फेऱ्या होऊन अखेर दोनच जोड्या उरल्या, तेव्हां त्या हजारों माणसांच्या मेळ्यांत जी शांतता पसरली ती आम्ही विसरणार नाहीं. अखेरच्या सामन्याची ही गोडी सर्व देशांत सारखीच दिसते. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील विद्यापीठांचा 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स' म्हणून एक संघ आहे. तेथें फुटबॉलचें विजेतेपद पूर्वी मोसमभरच्या जयापजयांच्या हिशेबानें ठरत असे. सभासद बारा झाल्यावर त्यांचे दोन गट पाडून, दोन्ही गटांच्या अग्रणींचा स्वतंत्र अंतिम सामना खेळविण्याची पद्धत त्यांनीं १९९२ सालीं सुरू केली. त्या वर्षीं ५ डिसेंबर रोजीं बर्मिंगहॅम येथें अलाबामानें फ्लोरिडास २८-२१ असें हरविलें. प्रेक्षक लोटले, पैसा आला, आणि इतर संघांनींहि पुढें तोच धडा गिरविला. हिशेबाच्या वहींतून निघालेल्या विजेत्यापेक्षां डोळ्यांसमोर जिंकलेला विजेता लोकांना अधिक पटतो, हें अमेरिकेला नियम बदलून साधावें लागलें. झाडीपट्टींतल्या शेतकऱ्याला तें दोन धावा शेजारीं शेजारीं आंखून साधतां आलें.

पूर्वीं पटाचा भार बव्हंशीं मालगुजार वाहत. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली. पुढें १९५६ सालीं भंडारा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. सरकारें पालटलीं, पण पट टिकला, कारण मालगुजाराच्या जागीं गांवकऱ्यांच्या समित्या उभ्या राहिल्या. पटाच्या निमित्तानें लेकी माहेरीं येतात, सोयरेधायरे जमतात, उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघतात आणि पुष्कळदां तेथेंच जुळतात. इतके पाहुणे रात्रीं करणार काय ? म्हणून नाटक. दंडार, खडी गंमत यांच्या जोडीला झाडीपट्टीची जी नाट्यपरंपरा वाढली, तिचा आधार पटाला जमणारी ही गर्दीच होती. वडसा येथें आज नाटकमंडळ्यांचीं बिऱ्हाडें आहेत आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांना उसंत नसते. शहरांतील रंगभूमीची आपण नित्य काळजी वाहतों. इकडे माणसें तिकीट काढून, अंगावर घोंगडी घेऊन, पहाटेपर्यंत नाटक पाहतात!

आतां दुसरी बाजू. तुतारी, म्हणजे टोंकास खिळा बसविलेली काठी, बैलाच्या पुठ्ठ्यांत टोंचणें, शेपूट पिरगाळणें, प्रसंगीं दातांनीं चावणें, हे प्रकार पटांत होत असत. ते नाकारण्यांत अर्थ नाहीं. केंद्र सरकारनें ११ जुलै २०११ रोजीं अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. आणि ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तमिळनाडूंतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रांतील बैलगाड्यांच्या शर्यतीहि बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणें धावण्याकरितां नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. या निर्णयास गांवोगांव शिव्या मिळाल्या; आमच्या मतें मात्र तो आवश्यक होता. त्या धक्क्यावांचून तुतारी कोणीं खालीं ठेवली नसती.

पुढें तमिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्रानेंहि २०१७ सालीं आपला दुरुस्ती कायदा केला. परंतु उच्च न्यायालयानें परवानगी रोखल्यामुळें तो कागदावरच राहिला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींना अटींवर मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें तिन्ही राज्यांचे—तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांचे—कायदे ग्राह्य धरले. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी, धाव हजार मीटरांहून लांब नको, आणि काठी, चाबूक, टोंचणी कांहींएक नको. आम्हीं पाहिलेल्या पटांत धुरकऱ्यांचे हात रिकामे होते. शेपटीवर मात्र ते सर्वस्वी रिकामे राहिले असें म्हणवत नाहीं. पंचांनीं एका जोडीस त्यासाठीं बादहि केलें, आणि लोकांनीं कुरकुर केली तरी निर्णय फिरविला नाहीं.

बंदीचीं तीं साडेसात वर्षें कशीं गेलीं, असें आम्हीं आमच्या यजमानांस विचारलें. हे सत्तरीच्या घरांतले धानशेतकरी. अंगणांत शेकोटीजवळ बसून सावकाश बोलत होते. नाटकें चालूच राहिलीं, मंडई चालूच राहिली, असें ते म्हणाले. पण गोठे ओस पडले. पटाची जोडी कोणी घेईना, आणि गोऱ्ह्याला भाव येईना. हें एकट्या बंदीचें काम नव्हे. सरकारी पशुगणनेप्रमाणें देशांत गाईच्या जातीचे नर २०१२ सालीं सुमारें ६ कोटी ७९ लाख होते, ते २०१९ सालीं ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत शेंकडा तीस कमी. नांगर ट्रॅक्टरानें ओढला, माल टेंपोनें वाहिला, बैलाला काम उरलें नाहीं. यांतला विनोद असा कीं, पश्चिम महाराष्ट्रांतल्या मोठ्या शर्यतींत विजयी जोडीच्या मालकास बक्षीस म्हणून ट्रॅक्टरच देऊं लागले आहेत.

मग तुम्हीं जोडी कां ठेवली, काकाजी ? आमच्या या प्रश्नावर ते हंसले. "नांगराले ट्रॅक्टर हाये भाऊ," ते म्हणाले, "पन गोठ्यात बैल नसला तं घर सुनं लागते." त्यांची जोडी दुसऱ्याच फेरींत हरली होती. तरी घरीं आल्यावर सुनेनें बैलांचे पाय धुवून कपाळीं कुंकू लावलें, पुढ्यांत गूळ ठेवला, आणि मगच माणसांचीं पानें वाढलीं. तेवढ्यांत पटाच्या शेताकडून नाटकाच्या पेटीचे सूर ऐकूं येऊं लागले, तशीं मुलें जेवण अर्धें टाकून, पोतीं बगलेंत मारून, पुढची जागा धरण्याकरितां पळालीं.