पळस्पे फाट्यावरचा सल्ला

पनवेल मागे टाकून पुण्याच्या जुन्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात पळस्पे फाटा येतो. गाव तसे लहान, पण फाट्याची कीर्ती मोठी. सरळ गेलात तर चौक, खोपोली करीत बोरघाट चढून पुणे. उजवीकडे वळलात तर कर्नाळा, पेण, महाड आणि पुढे सारे कोकण. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० साली खुला झाला. उजवीकडचा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ म्हणून ओळखला जातो, आणि ज्याला वाटेत कुठेच थांबायचे नसेल त्याला तो थेट कन्याकुमारीला नेऊन सोडतो. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेले कंटेनरचे लांबलचक ट्रेलरही याच फाट्याकडे येतात. तेव्हा इथे शांतता शोधायला कुणी येऊ नये.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. आता जुन्या रस्त्याला कोण विचारतो, असे एखाद्याला वाटले असते. पण घाटातला सामाईक तुकडा सोडला, तर त्या मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे मुंबईच्या बाजूने निघालेला मोटारसायकलवाला, मग तो लोणावळ्याचा असो की रत्नागिरीचा, बहुधा पळस्प्यालाच येतो. इथे तो गाडी स्टँडवर लावतो, बटाटेवडा आणि चहा मागवतो, आणि बशीतला चहा निवेपर्यंत आपल्या गाडीकडे पाहत बसतो. इथवरचा प्रवास सपाटीवरचा. पुढे एकीकडे बोरघाट, दुसरीकडे सुकेळी खिंड आणि महाडच्या पलीकडे कशेडीचा घाट. घरी ज्या आवाजाकडे कानाडोळा केला, तो आवाज नेमका इथे आठवतो.

म्हणूनच या परिसरात जुन्या इंजिनावर चालणारा वाद कधी संपत नाही. वाद करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे ब्रीद असे, की चालत्या इंजिनाला हात लावू नये. एकदा उघडलेले इंजिन पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही, म्हणून ते थांबेपर्यंत चालवावे. दुसरा पंथ म्हणतो, एकदाच काय ते ‘फुल काम’ करून घ्यावे आणि दहा वर्षे निर्धास्त झोपावे. दोन्ही पंथांत अनुभवी माणसे आहेत, आणि दोघांनाही आपापल्या मताचे पुरावे सापडतात.

यंदा या वादात मलाही बाजू घ्यावी लागली. आमच्या घरी १९७२ सालची बुलेट आहे. इंग्लंडातल्या रेडिच गावची ही गाडी १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी झालेल्या भागीदारीमुळे आपल्याकडे आली. इंग्लंडातला कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासेत मात्र ती तयार होतच राहिली. हे ओतीव लोखंडी सिलिंडरचे इंजिन ३४६ घन सेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. लांब धावेमुळे त्याचा ठोका सावकाश पडतो, आणि त्या ठोक्यावरच माणसे जीव टाकतात. आमची गाडी वडिलांनी घेतली. मी लहान असताना पुढे टाकीवर बसत असे आणि मागे आई असे. आता वडील महाडला राहतात, आणि दिवाळीला मी गाडीवरूनच यावे असा त्यांचा हट्ट असतो.

दसऱ्यानंतर गाडी निळा धूर सोडू लागली. हजार किलोमीटरला पाव लिटर तेल पुरत असे, तिथे अर्धा लिटर लागू लागले. यात गाडीचा दोष काही नाही. अर्धशतक धावलेले लोखंड झिजायचेच. पण पनवेल ते महाड सुमारे सव्वाशे किलोमीटर. गाडी तशीच न्यावी, की उघडावी? फाट्याजवळ एक वयस्क मिस्त्री बसतात, त्यांच्याकडे गेलो.

मिस्त्रींनी पाना उचलण्याआधी प्रश्न विचारले. “सर, धूर कधी येतो? चढावर ओढताना, की उतारावर मूठ सोडून पुन्हा दिल्यावर?” प्रश्नामागचे इंगित त्यांनीच सांगितले. ओढताना सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. मूठ सोडून पुन्हा दिल्यावर भपकारा येत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल झिरपते. आमचा धूर पहिल्या जातीचा. मग त्यांनी प्लग काढून तिथे दाबमापक लावला आणि किक मारायला सांगितले. काटा निम्म्यावरच अडखळला. त्याच भोकातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा किक मारली, तसा काटा वर चढला. तेलाने फट तात्पुरती बुजली, म्हणजे दाब रिंगांच्याच वाटेने निसटत होता. शेवटी इंजिन सुरू करून लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्याच्या पोटाला आणि मूठ आपल्या कानाला लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट जरा सैल करून तेल वर पोचते की नाही, तेही पाहिले.

“खालून ठोका नाही. तेल फिरतंय. क्रँकला हात लावायचं कारण नाही,” ते म्हणाले. “पण वरचं असंच ठेवलंत, तर खालचंही जाईल.”

वादाची उकल या शेवटच्या वाक्यात आहे. रिंगांच्या फटीतून जळका वायू खाली उतरतो आणि तेल नासवतो. त्याच तेलावर कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग जगते. म्हणजे वरच्या दुरुस्तीचे पैसे वाचवणारा माणूस खालच्या मोठ्या खर्चाचे बीज पेरत असतो. उलट, ठणठणीत असलेला क्रँक हौसेखातर उघडला, तर दाबून बसवलेली चाके सुटी करून पुन्हा केसभरही वाकडी न होता जुळवावी लागतात, आणि तो हात आज दुर्मिळ आहे. तेव्हा दोन्ही पंथ अर्धे बरोबर आहेत. जो भाग बोलतो आहे तो उघडावा. जो गप्प आणि निरोगी आहे त्याला झोपू द्यावे.

माझी अडचण मात्र अजून शिल्लक होती. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, कारण तिथे उष्णता फार आणि तेल थोडे. शिवाय तो गोल न राहता लंबगोल होतो. म्हणून नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, बोअर वाढवून मोठा पिस्टन घालावा लागतो. आमच्या सिलिंडरचा बोअर १९८८ साली वडिलांच्या देखत शेवटच्या मापाचा झाला होता. आता आत नवी स्लीव्ह बसवणे एवढाच मार्ग होता. वडिलांनी जे लोखंड घासून घासून गुळगुळीत केले, तेच तासून काढायचे म्हटल्यावर माझा हात अडला. मी तिथूनच त्यांना फोन लावला.

सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “माझे दोन्ही गुडघे बदलायला मला दवाखान्यात कोणी नेलं?”

“मीच नेलं, बाबा.”

“मग? गुडघे बदलले म्हणून मी दुसरा झालो का? उलट रोज बाजारात जाऊन येतो. गाडी उघडायला दे, आणि तू एस.टी.ने ये.”

त्यांनी फोन ठेवला. मिस्त्री हसत होते. त्यांना बहुधा पलीकडचा आवाज ऐकू आला असावा.

त्या दिवशी हेड आणि सिलिंडर उतरले. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी तपासणी होऊन नव्याने होते, आणि धूर ओकणारी गाडी त्या तपासणीत उभी राहणार नाही, हेही मिस्त्रींनी जाता जाता ऐकवले. काम पुरे झाले, की पहिले हजार किलोमीटर गाडी हलक्या हाताने चालवायची आहे. नव्या रिंगांना नव्या भिंतीशी जमवून घ्यायला तेवढा अवधी लागतो. त्यासाठी उजवीकडचा रस्ता मी पक्का केला आहे. वाटेत शिरढोण लागते, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. पुढे कर्नाळ्याच्या किल्ल्याचा सुळका झाडीतून वर डोकावतो. ताशी चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला हे दोन्ही नीट पाहता येतात. मागून ट्रेलर कर्णे वाजवतील, पण त्यांना पुढे जाऊ द्यावे.