हजेरीपटातलं प्रत्येक नाव

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की काही वेळात जळगाव जिल्हा संपतो आणि धुळे जिल्हा सुरू होतो. त्या सीमेवरच्या पट्ट्यात आमची माध्यमिक शाळा आहे, पाचवी ते दहावीची. मुलं दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांमधून येतात. कुणी एसटीनं, कुणी सायकलवर, कुणी बांधाबांधानं चालत. घरी अहिराणी, वर्गात मराठी. मी इथे मराठी शिकवतो आणि नववीचा वर्गशिक्षक आहे.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आमच्याकडे गॅदरिंगचा. नेमके हेच दिवस कापूस वेचणीचे. दिवाळीनंतर वर्ग विरळ होऊ लागतात. आईवडील पहाटे रानात जातात, धाकटी भावंडं सांभाळायला कुणीतरी घरी थांबावं लागतं आणि ते काम बहुतेक घरांत आठवी-नववीतल्या मुलीच्या वाट्याला येतं. काही मुलं स्वतःच वेचणीला जातात. त्यामुळे गॅदरिंगच्या आठवड्याकडे आम्ही नुसता नाचगाण्याचा कार्यक्रम म्हणून पाहत नाही. रानातली मुलं पुन्हा शाळेत यावीत, यासाठी वर्षात मिळणारी ती मोठी संधी असते.

यंदा तयारीच्या सभेत बक्षिसांची यादी समोर आली तेव्हा गणिताच्या बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, “या यादीत वर्गातली किती नावं आहेत?” पहिले तीन क्रमांक, आदर्श विद्यार्थी, खेळाडू, वक्तृत्व, रांगोळी, सगळं मोजलं, तर तीच ती मुलं चार-चार वेळा मंचावर येत होती. उरलेली मुलं खाली बसून टाळ्या वाजवत होती, पाचवीपासून दहावीपर्यंत. बाई म्हणाल्या, “हजेरीपट घेऊ या. त्यात जेवढी नावं, तेवढ्यांना मंचावर बोलावू या.”

मुख्याध्यापकांनी होकार दिला आणि आम्ही नियम ठरवले. प्रत्येक विद्यार्थ्याविषयी एकच वाक्य लिहायचं. त्यात त्यानं केलेलं काम सांगायचं. ते काम कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं असलं पाहिजे. ‘हुशार’, ‘गुणी’, ‘आज्ञाधारक’ असली विशेषणं चालणार नाहीत. शनिवारी, गॅदरिंगच्या दिवशी, ते वाक्य माईकवरून वाचायचं आणि शाळेचा शिक्का मारून त्या मुलाच्या हाती द्यायचं.

काम वाटलं त्याहून मोठं होतं. तासाला शिकवणारा शिक्षक मुलाचं उत्तर पाहतो, वही पाहतो, गुण पाहतो. एसटीत, डब्याच्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीजवळ ते मूल कसं वागतं हे त्याच्या सोबत्यांना ठाऊक असतं. म्हणून वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या: शेजाऱ्यानं केलेली, तू डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिही. भाषेची अट नव्हती. एका चिठ्ठीवर होतं, “ती रोज मनासाठे एसटीमा जागा धरस.” दुसरीत लिहिलं होतं की अमुक मुलानं सहामाहीच्या आधी स्वतःची विज्ञानाची वही दोघांना रात्रभर दिली आणि आपण पहाटे उठून वाचलं. त्या चिठ्ठ्या वाचताना माझा वर्ग मला नव्यानं कळला.

सोमवार २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिन, रामानुजन यांची जयंती. आमच्या खानदेशात गणिताचा धागा त्याहून कितीतरी मागे जातो. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात सापडलेला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात भास्कराचार्यांची ‘लीलावती’ शिकवली जात होती, हे ऐकून मुलं सावरून बसली. मग बाईंनी ‘लीलावती’तलं मोर आणि सापाचं गणित मैदानावर मांडलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे. साप बिळापासून सत्तावीस हातांवर असून बिळाकडे निघालाय. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल?

दहावीच्या मुलांनी पायथागोरस लावला, समीकरण मांडलं आणि बारा हात हे उत्तर काढलं. आठवीतल्या एका मुलाला समीकरण मांडता येत नव्हतं. त्यानं फक्कीनं मैदानावर आडवा खांब आखला, काटकोन नीट धरला, प्रत्येक हातावर गाठ मारलेल्या दोन दोऱ्या घेतल्या. एक दोरी मोराच्या जागी खिळवली, दुसरी सापाच्या. दोन्ही मुठीत धरून तो रेषेवरून बिळाकडे सरकत गेला. एका जागी दोन्ही दोऱ्या पंधराव्या गाठीला ताणल्या. तिथून बिळापर्यंत मोजलं, तर बरोबर बारा हात. मैदान टाळ्यांनी दणाणलं. हा मुलगा शाळा सुटल्यावर शेळ्या राखतो; दोरी आणि गाठी त्याच्या रोजच्या कामातल्या. त्याचं वाक्य बाईंनी तिथेच लिहिलं: “यानं समीकरणाशिवाय, दोन दोऱ्यांनी भास्कराचार्यांचं गणित सोडवलं.”

मंगळवार खेळांचा. कबड्डी, खो-खो, लंगडी, गोळाफेक. खो-खोच्या अंतिम सामन्यात नववीच्या मुली हरल्या, पण शेवटच्या डावात एका मुलीनं पाय मुरगळलेल्या प्रतिस्पर्धी मुलीला आधार देऊन सावलीत नेलं, तिच्या पायाला ओला रुमाल बांधला आणि मगच ती आपल्या संघात परतली. गुणपत्रिकेत या गोष्टीला रकाना नाही. आमच्या कागदावर होता.

बुधवार २४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती. गुरुजी जन्मले कोकणात, पालगडला, १८९९ मध्ये. पण शिक्षक म्हणून ते घडले आमच्या बोरी नदीकाठच्या अमळनेरला. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते प्रताप हायस्कूलमध्ये होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवलं आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि धुळ्याच्या तुरुंगात पोहोचले. १९३२ मध्ये त्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. अमळनेर ते धुळे हा रस्ता आमची मुलं नेहमी पाहतात. त्या रस्त्याच्या दोन टोकांना गुरुजींच्या आयुष्यातली इतकी मोठी कामं झाली, हे त्यांना माहीत असायलाच हवं.

त्या दिवशी आम्ही मुलांना कवयित्री बहिणाबाईंचीही गोष्ट सांगितली. आसोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. शेतात, जात्यावर, चुलीपुढे सुचलेलं त्या म्हणत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या लोकांनी ते कागदावर उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. कुणी लिहून ठेवलं नसतं, तर महाराष्ट्र या बाईला मुकला असता. मुलांच्या चांगल्या कामांचंही तसंच आहे. घडतं रोज, टिपून ठेवणारं कुणी नसलं की विरून जातं. त्याच दुपारी सगळ्या वर्गांची वाक्यं हस्तलिखितात उतरवली. सुंदर अक्षराची मुलं लिहीत होती, चित्रं काढणारी समासात केळीचे घड आणि कापसाची बोंडं काढत होती.

गुरुवारी नाताळची सुट्टी, तरी नाचाच्या तालमीला निम्मी शाळा हजर. शुक्रवारी आनंद मेळावा. खानदेशातल्या शाळेचा मेळावा म्हणजे आधी भरताचा वास. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी भांड्यात ठेचलेली, वरून कांद्याची पात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सोबत कळण्याची भाकरी. शेजारी शेवभाजी, डुबुकवडे, बिबडे, केळीचे वेफर्स. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे, हे फलक मुलांनी आधीच रंगवून लावले होते. मुलांनी भाजलं, विकलं, हिशेब ठेवला.

भरताच्या गाड्यावरचा हिशेब नववीतल्या एका मुलीकडे होता. दिवाळीपासून ती निम्मे दिवस गैरहजर होती. गर्दीत ती न गोंधळता सुट्टे पैसे देत होती, उधारी वेगळ्या पानावर टिपत होती. संध्याकाळी गल्ला मोजला तेव्हा रुपयाचाही फरक आला नाही. विचारल्यावर कळलं, आईच्या वेचणीच्या टोळीचा हिशेब हीच ठेवते. कुणी किती किलो वेचला, किलोमागे दर काय, कुणी उचल घेतली, आठवड्याला कुणाचे किती निघतात. सगळं एका वहीत. टोळीतल्या बायका तिच्या आकड्यावर विश्वास ठेवतात. हजेरीपटात तिच्या नावापुढे लाल गैरहजेरी लागत होती, त्या दिवसांत ती रानात व्यवहारी गणिताची परीक्षा रोज देत होती.

शनिवारी गॅदरिंग. मंडप गावकऱ्यांनी घातला, स्पीकर एका माजी विद्यार्थ्यानं दिला. आम्ही पालकांना निरोप दिला होता, “तुमच्या मुलाचं नाव घेतलं जाणार आहे.” एरवी पालकसभेला न येणारी माणसं आली. काही थेट वेचणीवरून आली, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले. पहिल्या क्रमांकाची बक्षिसं नेहमीसारखी दिली, कारण मेहनतीनं मिळवलेल्या गुणांचा मान राहिलाच पाहिजे. त्यानंतर पाचवीपासून हजेरीपट उघडला. एक नाव, एक वाक्य, एक टाळी. वेळ फार लागेल अशी भीती होती. लागलाही. पण मंडपातून कुणी उठलं नाही, कारण प्रत्येकजण आपल्या नावाची वाट पाहत होता आणि शेजाऱ्याच्या वाक्यानं हरखत होता.

हिशेब ठेवणाऱ्या मुलीचं वाक्य वाचलं तेव्हा टोळीतल्या साऱ्या बायका उभ्या राहिल्या. “आमनी पोर शे ती!” एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली. कार्यक्रम संपल्यावर मी तिच्या आईशी बोललो. धाकट्याला अंगणवाडीत सोडायचं, उरलेल्या वेळेसाठी शेजारणीनं पाहायचं आणि मुलीनं रोज शाळेत यायचं, असं ठरलं. टोळीची वही ती रात्री घरी लिहिणार आहे.

सातवीत सातपुड्यातून आलेला एक पावरा मुलगा आहे. त्याचे वडील इथे सालदार. आमच्याकडे सालदारकीचं वर्ष आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. मालक बदलला की गाव बदलतं आणि गावाबरोबर पोराची शाळाही. घरी पावरी बोलणारा हा मुलगा सुरुवातीला वर्गात गप्प असायचा. नाचाच्या तालमीत ढोलाचा ठेका कुणालाच जमेना, तेव्हा त्यानं पुढे होऊन तो वाजवला आणि मोठ्या वर्गातल्या मुलांनाही शिकवला. शनिवारी त्याचं वाक्य वाचलं: “यानं दहावीच्या मुलांना ढोल शिकवला आणि सगळ्या नाचाचा ताल सांभाळला.” वडील मागे उभे होते. खाली उतरताना त्यांनी विचारलं, “हाऊ कागद आमले भेटी का, सर?” कागद त्यांचाच होता. आखाजीनंतर हे कुटुंब कुठल्या गावी असेल ते ठरलेलं नाही. पण नव्या शाळेत दाखल्यासोबत तो कागदही जाईल आणि तिथल्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी कळेल की या मुलाला काय येतं. दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, वर्तन ‘चांगले’ असं छापील असतं. मूल कसं आहे हे त्यात नसतं.

या सगळ्याला खर्च किती आला? कागद, शाई आणि शिक्षकांच्या काही संध्याकाळी. ट्रॉफी लागल्या नाहीत, मोठा पाहुणाही लागला नाही. लागलं ते मुलांकडे लक्ष. एक वाक्य खरं लिहायचं, तर त्या मुलाला काम करताना पाहावं लागतं, त्याच्या सोबत्यांना विचारावं लागतं, कधी त्याच्या घरी जावं लागतं. ते करताना शिक्षकालाच जास्त मिळतं, असा माझा अनुभव आहे. मुलांचं काय होतं, हे त्या मंडपात सगळ्यांनी पाहिलं. आपलं काम कुणीतरी पाहिलंय, हे कळलं की मूल शाळेला आपलं मानतं. आणि वेचणीच्या दिवसांत रान आणि शाळा यांतून निवड करायची वेळ आली, तर ते आपलेपण त्याला शाळेकडे ओढतं.

म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. पुढच्या गॅदरिंगची बक्षिसांची यादी करायला बसाल, तेव्हा आधी हजेरीपट समोर घ्या. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत प्रत्येकापुढे एक खरं वाक्य लिहा. ज्याच्यापुढे काही सुचणार नाही, त्याच्याजवळ उद्या जाऊन बसा. आणि पालकांनो, तुमच्या मुलाचं नाव मंचावरून घेतलं जाईल त्या दिवशी अर्धा दिवस रान सोडून या. वेचणी दुसऱ्या दिवशीही होते.